समुद्रापलीकडचं डिव्हिजन

॥ श्री ॥

मंडपम छावणी
२१ ऑक्टोबर १९७३

तीर्थस्वरूप अक्काच्या चरणी,
धाकट्या चेल्लय्याचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही तिघे इकडे खुशाल आहोत. तू, मरुदै मच्चान आणि चि. पांडियन कसे आहात ते कळवावे.

गाडीत रडारड, बोटीत ओकाऱ्या आणि इथे रांगा, अशा क्रमाने आम्ही सिलोनहून हिंदुस्थानात दाखल झालो. आपले आजोबा ज्या देशातून उपाशी निघाले त्या देशात नातवाला परत घेतलं, हे उपकारच म्हणायचे. सध्या एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलंय. आमच्या आणि शेजारच्या कुटुंबामध्ये पेच्चीने आपलं जुनं लुगडं टांगलंय. ते पाहून अम्माने लगेच जाहीर केलं, की झालं डिव्हिजन. मळ्याच्या एकेका भागाला गोरा साहेब डिव्हिजन म्हणायचा; त्याच्या भाषेतला तिला येणारा हा एकमेव शब्द, पण तिने तो कुठे म्हणून वापरला नाही? भांग पाडला की डिव्हिजन, फणस चिरला की डिव्हिजन, तू आणि मच्चान नवराबायको भांडून दोन दिवस बोलत नव्हता तेव्हा तेही डिव्हिजन. पेच्चीला वाटायचं सासूबाई इंग्रजी शिकलेल्या आहेत.

बोट सुटल्यावर तिने मला विचारलं, की या नव्या डिव्हिजनला जायला रस्ता नाही का, पाण्यातून कशाला नेतोस. आपण देवळामागे ठरवलं होतं तसंच मी बोलत आलोय. आपण फक्त डिव्हिजन बदलतोय, खालचं बंद झालं म्हणून दुसरं मिळालंय, एवढंच. तिने ते खरं मानलंय. एकदा खरं मानल्यावर तिला पुन्हा विचारावंसंही वाटत नाही, आणि मला तेच टोचतं.

कस्टमच्या साहेबाने तिचं गाठोडं सोडायला लावलं. आतून काय निघावं? घरचा वरवंटा. नुसता वरवंटा, पाटा नाही. साहेबाने विचारलं, बाई, हिंदुस्थानात दगड संपलेत असं कोणी सांगितलं तुला? अम्मा शांतपणे म्हणाली, की पाटा जड आहे, तो माझी मुलगी मागाहून घेऊन येईल. साहेब हसला. मी गाठोडं पुन्हा बांधून दिलं. पाटा तुझ्याकडे ठेव म्हणून तिने निघताना सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, लेकीला आठवण देतेय.

सगळ्यांचे नातेवाईक हॅटन स्टेशनवर गाडीच्या खिडक्यांना लोंबकळत होते. आमच्या खिडकीशी कोणी नव्हतं. तुझे पाय एवढे दुखत होते का, हे विचारायचं नव्हतं, पण विचारून बसलो.

लोभ आहे, तो पाण्याने पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
चेल्लय्या


॥ श्री ॥

कल्लुमलै मळा, वरचं डिव्हिजन
हॅटन
१८ नोव्हेंबर १९७३

चि. चेल्लय्या यास,
अंगम्माचे अनेक उत्तम आशीर्वाद. चि. सौ. पेच्चीसही आशीर्वाद सांगावे. अम्माला माझा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. मास्तरांनी इतक्या छड्या मारूनही तुझं अक्षर काही माणसात आलं नाही. निम्मं पत्र मी वाचलं आणि निम्मं अंदाजाने ओळखलं.

टोमणा मारलास ते बरं केलंस, मनात ठेवला असतास तर कुजला असता. पाय दुखत नव्हते माझे. मी स्टेशनवर आले असते तर रडले असते. डिव्हिजन बदलताना कोणी रडतं का रे? शेजारच्या सुंदरीची बदली खालच्या डिव्हिजनला झाली तेव्हा आपण तिच्या टोपलीवर झेंडूची माळ घालून हसत पोचवायला गेलो होतो. मला रडताना पाहिलं असतं तर अम्माला तिथल्या तिथे सगळं कळलं असतं, आणि ती गाडीतून उतरली असती. मग काय केलं असतंस? म्हणून मी त्या दिवशी मळ्यात उभी राहून पानं खुडत होते. गाडीची शिट्टी डोंगराला वळसा घालून दोनदा ऐकू येते, माहीत आहे ना. दुसरी शिट्टी विरेपर्यंत मी जुनाट पानंही टोपलीत टाकत होते. कंगाणी मुकादमाने वजनाच्या वेळी ती सगळ्यांसमोर वेचून दाखवली.

दोन्ही देशांच्या सरकारांनी दोन माणसांसारखं बसून आपल्याला वाटून घेतलं, दर अकरातल्या सातांनी जायचं आणि चौघांनी राहायचं. मरुदैच्या घरच्यांनी राहायचं ठरवलं म्हणून मी राहिले. खालचं डिव्हिजन रिकामंच आहे. आमच्या लयमच्या ओळीतल्या खोलीच्या दारातून तुमच्या ओळीचे पत्रे दिसतात. रोज पहाटे तिथून धूर निघाला की मला कळायचं, अम्मा उठली, चहा उकळतोय. सवय अशी वाईट की मी अजून आधी तिकडे बघते आणि मग तोंड धुते.

इथे सगळं ठीक आहे. पीठ थोडं कमी येतं, पण सगळ्यांनाच कमी येतं. मिरची वाटायला मी ओढ्यातून एक गोल दगड आणलाय. पाट्यावर तो नीट बसत नाही, घरंगळतो.

फेब्रुवारीअखेर मासी महिन्यात कामनचा सण आहे, आणि या वर्षी खेळात पांडियन कामन होणार. तो तान्हा असताना तापाने फणफणला होता तेव्हा अम्माने त्याला मांडीवर घेऊन हा नवस बोलला होता, हे तू विसरला नसशील. पण आता अडचण तुम्ही करून ठेवलीत. शंकराने कामनला जाळलं, असं गाणारे सगळे खालच्या डिव्हिजनचे. नाही जळला, रतीला तो अजून दिसतो, असं गाणारे आम्ही वरचे. दुसरी बाजूच नसेल तर आम्ही भांडायचं कोणाशी? अप्पा गेल्यापासून त्यांच्या जागी तू उभा राहायचास, निदान तुझे सवाल लिहून पाठव.

अम्मा जेवते ना? तिला फार थंडीत बसू देऊ नकोस.

माया आहे तशीच आहे, तूही ठेव.

तुझी
अंगम्मा


॥ श्री ॥

निलगिरी
६ जानेवारी १९७४

तीर्थस्वरूप अक्काच्या चरणी,
चेल्लय्याचा शि. सा. न. वि. वि.

अखेर आम्हाला जागा मिळाली. समुद्र ओलांडून, छावणीत उन्हातान्हात वाळून, दोन दिवस ट्रकमध्ये हाडं खिळखिळी करून आम्ही कुठे आलो असू? चहाच्या मळ्यात. हा सरकारी मळा नवा आहे, झाडं अजून गुडघ्याएवढीच. आणि पाटीवर काय लिहिलंय म्हणतेस? डिव्हिजन क्रमांक दोन. पेच्ची पाटीकडे बघून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. अम्माला मात्र हसण्यासारखं काही दिसलं नाही. तिने पाटी बघितली, मळा बघितला, आणि मला म्हणाली, की बघ, मी म्हटलं नव्हतं? आता तिची खात्रीच पटली.

इथले लोक आम्हाला सिलोनवाले म्हणतात. तिथे आपण हिंदुस्थानवाले होतो. आता आपण नक्की कुठले ते ठरायला बहुतेक तिसरा देश शोधावा लागेल.

तुला एक सांगायचं आहे आणि ते कागदावरच सांगता येईल. निघायच्या आधी गावकीत म्हाताऱ्यांनी विचारलं, की अम्मा कोणाकडे जाईल, तेव्हा मी छाती काढून सांगितलं, की आई मुलाकडेच असते, यात विचारायचं काय. सगळ्यांनी माना डोलावल्या. अक्का, रीतभात वगैरे काही नव्हतं माझ्या मनात. मला भीती वाटत होती. अख्खी ओळ रिकामी होत होती, अनोळखी देशात जायचं होतं, आणि मला लहान पोरासारखी आई बरोबर हवी होती. ती तुझ्याजवळ सुखात राहिली असती, हे मला तेव्हाही कळत होतं. तिचं सगळं आयुष्य दोन डिव्हिजनमधल्या त्या पायऱ्या चढण्याउतरण्यात गेलं. मी तिला स्वतःच्या धीरासाठी उचलून आणली.

आज रविवार. मी हे लिहितोय तेव्हा ती रस्त्याच्या वळणावर जाऊन बसलीय. दर रविवारी बसते. तिथे रविवारी सुट्टीला तू खाली उतरून यायचीस ना, तशी इथेही येशील असं तिला वाटतं. धुकं असतं, गारठा असतो. मी घोंगडी देऊन येतो आणि परत फिरतो. आज तरी सांगावं, असं घरातून निघताना ठरवतो, आणि तिच्याजवळ गेलो की ती मला विचारते, अंगम्माच्या डोक्यावर पाटा असेल, तू पुढे जाऊन हात लावतोस का? मग माझं तोंड उघडत नाही. तिला खोकला झालाय. पेच्ची मिरीचा काढा देते.

कामनचे सवाल वेगळ्या कागदावर लिहिलेत. मच्चानना सांग, माझ्या बाजूने गाताना मुद्दाम बेसूर गायचं नाही.

माझ्यावर राग असेल तर धर, पण पत्र लिहिणं सोडू नकोस.

तुझा
चेल्लय्या


॥ श्री ॥

कल्लुमलै, वरचं डिव्हिजन
२७ जानेवारी १९७४

चि. चेल्लय्या यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू मन मोकळं केलंस, आता माझं ऐक. आणि हे पत्र अम्माला वाचून दाखवू नकोस.

गावकीत तू बोललास ते सगळ्यांनी ऐकलं. त्यानंतर काय झालं ते आठवतं का? थोरल्या कंगाणींनी माझ्याकडे वळून विचारलं होतं, की अंगम्मा, तुझं काही म्हणणं आहे का. अम्मा माझ्या शेजारी बसली होती, तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला. मी नुसतं राहू दे म्हटलं असतं तरी ती राहिली असती. मुलीकडे राहू नये वगैरे अम्माने कधी मानलं नाही. मी गप्प बसले. लोकांना वाटलं, धाकट्या भावाचा मान राखला. चेल्लय्या, मी पिठाच्या डब्याचा विचार करत होते. त्या आठवड्यात डब्याचा तळ दिसत होता. रोटीचे तीन तुकडे करायचे की चार, हे माझ्या डोक्यात चाललं होतं, आणि तेवढ्यात गावकी उठलीसुद्धा.

तुला मागच्या पत्रात ठीक आहे असं लिहिलं ते खोटं होतं. इथे उपासमार आहे. माणसं कंद उकडून खातात, तेही मिळाले तर. शेजारच्या ओळीतली म्हातारी गेली, ती कशाने गेली ते कोणी बोलत नाही. तेव्हा अम्मा तुझ्याबरोबर गेली ते तिच्या पोटासाठी बरंच झालं, असं मी स्वतःला रोज सांगते. हे खरंही आहे. पण मी गप्प बसले तेव्हा तिच्या पोटाचा नव्हे, माझ्या डब्याचा विचार केला होता, हेही खरं आहे. तिला खोटं सांगायची युक्ती तुझी नव्हती, माझीच होती. तू फक्त होकार दिलास. थंडीत ती ज्या वळणावर बसते तिथे तिला मी बसवलंय.

तू तिला सांगून टाक. मी येणार नाही, येऊ शकत नाही, असं स्पष्ट सांग. रडली तर रडू दे.

सणाचं ठरलंय. अमावास्येनंतर खांब रोवतील आणि पांडियनच्या मनगटाला काप्पु बांधतील. तो धागा बांधला की घरात सुतक चालत नाही, शिवाय त्याला तर आजोळचंही लागतं. सुतक आलं तर दुसऱ्या कोणाला तरी उभं करतील, आणि पुढच्या वर्षी हे डिव्हिजन तरी जागेवर असेल का? नवस अम्माचा आहे, तो एवढा तरी तिच्या मनासारखा होऊ दे. तिला म्हणावं, तुझा नातू कागदी मुकुटात राजासारखा दिसतो.

माझी माया कमी नाही, धीर कमी पडला.

अंगम्मा


॥ श्री ॥

निलगिरी
१५ फेब्रुवारी १९७४

अक्का,

या पत्राचे कोपरे मी काजळाने काळे केलेत. पाकिटाचेही केलेत. उघडायच्या आधीच तुला कळावं म्हणून. सणाआधी पोचेल की मधेच, मला माहीत नाही. पाठवू की ठेवू, यात दोन दिवस घालवले. आधीच अम्माशी एक खोटं बोललो होतो, आता तुझ्याशी दुसरं बोलायची ताकद नाही. उघडायचं की नाही ते तू ठरव.

मंगळवारी सकाळी अम्मा गेली. खोकला छातीत उतरला होता. मळ्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने औषध दिलं, पण गारठा खूप दिवसांचा होता, असं तो म्हणाला. मी त्याला रविवारांबद्दल सांगितलं नाही.

तू नको म्हणाली होतीस, तरी मी तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. वाटलं, यातून तरी तिला आपोआप कळेल, मला सांगावं लागणार नाही. म्हणजे त्यातही मी पळपुटाच. गावकीचं वाचलं, पिठाच्या डब्याचं वाचलं, तू येऊ शकत नाहीस हेही वाचलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाली, की गप्प बसली त्यात एवढं काय लिहायचं, पीठ नव्हतं ते मला ठाऊक होतं, मी डबा हलवून पाहिला होता. आणि थोड्या वेळाने म्हणाली, की या आठवड्यात नाही जमत तर पुढच्या रविवारी येईल, डिव्हिजन काय एवढं लांब आहे? वरवंट्याला थोडं तेल लावून ठेव, कोरडा पडला की कच येते.

मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं होतं. ती झोपली.

सगळं रीतसर केलं. पेच्ची रडून रडून आजारी पडलीय. वरवंटा दारात आहे.

चेल्लय्या


॥ श्री ॥

कल्लुमलै, वरचं डिव्हिजन
१८ मार्च १९७४

चि. चेल्लय्या यास आणि चि. सौ. पेच्चीस आशीर्वाद.

तुझं पत्र मला सणात मिळालं. खांब रोवून झाला होता, पांडियनच्या मनगटाला काप्पु बांधला होता. टपाल आणणाऱ्याने पाकीट माझ्या हातात दिलं आणि माझ्या तोंडाकडे न बघता निघून गेला. काळे कोपरे त्यालाही दिसले होते.

मी ते उघडलं नाही. आत आले आणि पाटा उचलून त्याखाली सरकवलं. कानावर पडेपर्यंत सुतक लागत नाही, असं म्हातारा पुजारी नेहमी सांगतो. मी कानावर पडू दिलं नाही. मरुदैलाही बोलले नाही. सणाला मळ्याने थोडं पीठ जास्त दिलं होतं, कोणीतरी नारळ आणले होते. रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी मी त्याच पाट्यावर मिरची-खोबरं वाटत होते. अम्माच्या निधनाच्या पत्रावर बसून मी सणाचं वाटण वाटलं, चेल्लय्या. ओढ्यातला दगड घरंगळायचा आणि पाटा हलायचा, की खालून कागद चुरचुरायचा. बायका विचारायच्या, डोळ्यांत पाणी का, आणि मी मिरचीकडे बोट दाखवायची.

पांडियन फार छान नाचला. खालच्या डिव्हिजनचे सवाल मरुदैने गायले, तुझ्या मानासाठी अगदी सुरात. कामन जळला, असं तो गात होता आणि आमची माणसं नाही जळला, असं ओरडत होती. दर वर्षी मी आमच्या बाजूने टाळ्या वाजवते. या वर्षी माझे हात उचलले गेले नाहीत. पाकीट बंद असेपर्यंत अम्मा मला दिसत होती. मला ते तसंच चालू ठेवायचं होतं, नवस हे मी पुढे केलेलं कारण होतं, असं आता वाटतं. कदाचित दोन्ही असेल.

सण उतरला, काप्पु सुटला, त्यानंतर मी पत्र बाहेर काढलं. वाटणाचं पाणी आत झिरपलं होतं. शाई पसरली होती, पण तुझं अक्षर मुळातच असं की फार नुकसान झालं नाही. डबा हलवून पाहिल्याचं वाचलं. माझं गप्प बसणं तिला कळलं होतं आणि तिने ते तेव्हाच सोडून दिलं होतं. हे एवढे दिवस माझ्या पाट्याखाली पडून होतं आणि मी वरून मिरची वाटत होते. मग पुढच्या रविवारचं वाचलं. मी डोक्यावरून पाणी घेतलं, सुतक धरलं. पुजारी म्हणाला, दोष नाही, ऐकलं तेव्हापासून मोजायचं. मी त्याला म्हटलं, कानांना दोष नसेल, डोळ्यांनी कोपरे पाहिले होते.

तू तिथे स्वतःला खातोस, मी इथे. अम्मा असती तर तिने फणसासारखे दोन भाग करून आपल्या पुढ्यात ठेवले असते, आणि म्हणाली असती, की झालं डिव्हिजन, आता भांडू नका. मोठा भाग माझा आहे, मी थोरली आहे. तो तू घेऊ नकोस.

काल रविवार होता. मी पाटा धुतला, चुंबळ करून डोक्यावर घेतला आणि पायऱ्या उतरून खालच्या डिव्हिजनला गेले. वाटेत मरुदै भेटला, कुठे निघालीस म्हणाला. मी म्हटलं, अम्माकडे. त्याने हात लावू का विचारलं, मी नको म्हटलं. तिच्या खोलीला कुलूप आहे, उंबऱ्यात गवत उगवलंय. पाटा दारात टेकवला आणि बराच वेळ शेजारी बसले. मग तो तिथेच ठेवून वर आले.

वरवंट्याला तेल लावत जा.

तुझी अक्का,
अंगम्मा